तुकडे होणारा राक्षस

तुकडे होणारा राक्षस खेळात आणायचा तर तो आधी सांभाळता आला पाहिजे. खेळ म्हणजे कागद-पेन्सिलीवर खेळायचा गोष्टीचा खेळ: एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. नियमांच्या पुस्तकात हा राक्षस भोळा दिसतो. तलवारीचा वार बसला की एकाचे दोन, दोनाचे चार, आणि प्रत्येक तुकडा आपापली चाल खेळणार. पण चौथ्या वारानंतर कुठल्या तुकड्यात किती जीव उरलाय हे गोष्ट चालवणाऱ्यालाच कळेनासं होतं, आणि मग समोरचे त्याला बरोबर गुंडाळतात. मला कोणी गुंडाळलेलं चालत नाही. म्हणून मी चिंचोके वापरायचो.

एक चिंचोका म्हणजे एक जीव. बत्तीस चिंचोक्यांचा ढीग फरशीच्या एका चौकोनात ठेवायचा, वार बसला की निम्मे दाणे शेजारच्या चौकोनात सरकवायचे. एकच दाणा उरलेला तुकडा पुढच्या वाराला मेला. आग मात्र शेजारी-शेजारी असलेल्या सगळ्या तुकड्यांत पसरते, त्यामुळे एक मशाल नीट लागली की खेळ खलास. ही पद्धत मी कुठे वाचलेली नाही, माझीच आहे, आणि तिचा मला अजूनही गर्व आहे.

चौबे कॉलनीतल्या आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दुपारी कूलरसमोर आम्ही तिघं बसायचो: मी, माझी मोठी ताई आणि मागच्या गल्लीतला माझा मित्र. नियमांचं पुस्तक म्हणजे ताईने कॉलेजात कोणाकडून तरी आणलेली झेरॉक्स. वीस बाजूंचा फासा सदर बाजारात विचारला तर दुकानदाराने लुडोचा पुढे केला आणि म्हणाला, "भैया, यही चलता है." मग एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून आम्ही स्टीलच्या डब्यात टाकल्या. दहाच्या वरचा आकडा निघाला की वार लागला, नाहीतर हुकला; मशालीलाही हाच नियम.

राज्याचे दोन भाग होऊन रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, आणि मोठी माणसं चहा पिताना एकच बोलायची: कोण इकडे राहणार, कोण भोपाळला जाणार. मित्राचे बाबा सरकारी नोकरीत. त्यांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं, सोमवारी ट्रक येणार असं ठरलं. आणि हा माझा मित्र आठवडाभर मला तिथल्या तलावाचं कौतुक ऐकवत होता, बोटीत बसता येतं म्हणे. माझं डोकं फिरलं. एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचो, सायकल काढायचो, त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरायचो, आणि घरी आलो की पुन्हा तेच. त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

शेवटच्या रविवारी मी मुद्दाम हा राक्षस काढला, कारण लवकर न संपणारा दुसरा कुठला माझ्याकडे नव्हता. वर लबाडीही केली. ढिगाचे दोन भाग करताना मुठीतले दोन-तीन दाणे हळूच आत सोडायचो. गोष्ट चालवणाऱ्याने असं करू नये, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तासाभरात फरशीवर दहा-बारा ढीग झाले. ताईचं पात्र जखमी होऊन आडवं पडलं, तेव्हा ती तणतणली, "बत्तीस होते नं? हे तं पन्नासच्या वर दिसून राहिले." मी ताकास तूर लागू दिली नाही. मित्र मात्र नुसती तलवारच चालवत होता. तोडायचा, परत तोडायचा. शेवटी ताईने त्याच्या पात्राचं सामान लिहिलेला कागद ओढून घेतला.

"अरे, तुयाजवळ तीन मशाली आहेत. काहून तलवार चालवून राहिला?"

तो चिंचोक्यांकडे बघत म्हणाला, "मशाल लावली तं खेळ संपून जाते."

आठवडाभर जपलेला माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मला रडू येत होतं आणि ताई समोर बसली होती. मी उगाच एक ढीग सारखा करत बसलो.

तेवढ्यात बाहेर त्याच्या बाबांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, लागोपाठ दोनदा. घरी सामान बांधायचं होतं.

"आता मशाल लावतोच," तो म्हणाला. "अर्धवट सोडून जाणं मले नाही जमत."

त्याने डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली आणि उलगडून फरशीवर ठेवली. एकोणीस.

"हुकली," मी म्हणालो.

ताई काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. चिठ्ठी आम्हा तिघांच्या मधोमध उघडी पडली होती. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हव, हुकली," तो म्हणाला, आणि चपला शोधायला उठला.