श्री नसलेली पत्रं

माझे यजमान मंगळवारी सकाळी गेले. गुरुवारी त्यांच्या मेलिंग लिस्टवरून बदलापूरच्या प्लॉटची जाहिरात सगळ्यांना गेली.

एका पत्त्यावर आलेलं ई-मेल सगळ्यांना पोचवणारी ही लिस्ट त्यांनी आमच्या डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून सुरू केली होती. बाजारात न मिळणारी जुनी मराठी पुस्तकं कोणाकडे आहेत आणि कोणाला हवी आहेत, एवढंच तिचं काम. ठाण्यापासून शहाडपर्यंतचे शे-दीडशे वाचक तिच्यावर, बहुतेक निवृत्त. सभासद नसलेल्यालाही लिहिता आलं पाहिजे, हा यजमानांचा हट्ट. "पुस्तक शोधत आलेल्याला आधी फॉर्म भर म्हणायचं का?" असं ते विचारत. बाहेरून आलेली पत्रं ते रोज सकाळी स्वतः चाळत, कचरा काढत, उरलेली पुढे पाठवत. दोन दिवस कोणी चाळलं नाही तर पत्र आपोआप पुढे जाई. आपण गावाला गेलो तर कोणाचं अडू नये म्हणून ही सोयही त्यांनीच केली होती.

त्या सोयीने गुरुवारी प्लॉट गेले. मागोमाग गुडघ्याचं तेल आणि बिनजामीन कर्ज. लोकांना यजमान गेल्याचं ठाऊक नव्हतं, त्यामुळे तक्रारीचे फोन त्यांच्याच नंबरवर येऊ लागले. "साहेब झोपलेत का?" असं एकाने मला विचारलं. मी हो म्हणून फोन ठेवला.

ठाकुर्लीचे एक इंजिनियर, लिस्टचे जुने सभासद, शेजाऱ्यांकडून बातमी कळून त्याच दुपारी मला भेटायला आले. म्हणाले, "वहिनी, वेळ ही नव्हे, पण दार सताड उघडं राहिलं तर कुत्री आत येणारच. लावून देऊ का?" मी कॉम्प्युटर दाखवला. आलेल्या साऱ्या जाहिरातींना विषयच नव्हता. ते म्हणाले, "आपले लोक विषय लिहितात ना?"

"सगळे तिथे श्री लिहितात," मी म्हणाले. हे खरं होतं. विषयाच्या चौकटीला ते पत्राचा माथा समजत. 'विषय लिहा, विषय' असं सांगून यजमान थकले होते.

"मग झालं तर. श्री नाही, त्याला प्रवेश नाही," ते म्हणाले. रिकाम्या विषयाची पत्रं परस्पर स्पॅमच्या पेटीत जावीत आणि ती पेटी दर आठवड्याला रिकामी व्हावी, असं त्यांनी करून दिलं. मी मान हलवली.

संध्याकाळी मी लिस्टवर दोन ओळींत यजमान गेल्याचं लिहिलं. चालकाच्या पत्त्यावरून लिहिलेलं कुठे अडत नाही, तेही गेलं.

मग मी वाट पाहू लागले. नातेवाइकांना ते जावई, काका, मामा म्हणून माहीत होते. पुस्तकांमधला माणूस या लोकांना माहीत होता, आणि त्यांनी त्याच्याविषयी काय लिहिलं ते मला वाचायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. आठवडा गेला, तेरावा झाला. एकाचंही पत्र नाही. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी पुस्तकं हुडकली त्यांना चार ओळी जड झाल्या, असं मी मनात धरलं. मधल्या काळात एका ज्योतिषाची जाहिरात मात्र वर श्री लिहून आली आणि बिनबोभाट सगळ्यांकडे गेली.

तिसऱ्या आठवड्यात कळव्याच्या एक ग्रंथपाल बाई घरी आल्या. पाणी पिता पिता म्हणाल्या, "पत्र वाचलंत ना हो माझं? चार दिवस लिहीत होते."

"विषयात काय लिहिलं होतंत?"

"काय लिहिणार? अशा पत्राला श्री कोणी लिहितं का?"

मी उठून कॉम्प्युटर लावला. दुखवट्याच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या स्वतःच्या दोन ओळींवरही मी चौकट रिकामी ठेवली होती. स्पॅमच्या पेटीत त्या आठवड्यातली तेवढी तीन पत्रं होती, केस उगवण्याच्या औषधांच्या मधे; आधीची पेटीबरोबर पुसली गेली होती. त्यातलं एक शहाडच्या अनोळखी गृहस्थांचं. 'मी तुमचा सभासद नाही आणि होणार नाही, मला पासवर्ड लक्षात राहत नाहीत. तुमच्या यजमानांनी मला एका कीर्तनाच्या पुस्तकाची पानं हाताने उतरवून आणून दिली होती, कारण पुस्तक झेरॉक्सवर दाबलं असतं तर शिवण उसवली असती.' हे मला माहीत नव्हतं.

मी ठाकुर्लीला फोन केला. बिचारे फार ओशाळले, पण सल्ला देणं सोडवेना. "आता सभासदांपुरतीच ठेवा वहिनी, निर्धास्त व्हाल." शहाडचे गृहस्थ सभासद नाहीत, असं मी म्हटलं. मग नियम काढून टाकला आणि पत्रं पुन्हा पाठवा, असं लिस्टवर लिहिलं.

काहींनी पाठवली. काहींनी मुलाच्या फोनवरून लिहिलं होतं आणि मुलगा परत बंगळुरूला गेला होता. कळव्याच्या बाई म्हणाल्या, "पाठवलं म्हणजे गेलं ना? आपल्याकडे कशाला राहील?" पुन्हा लिहा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "नाही हो. तसं पुन्हा नाही लिहवत."

आता रोज सकाळी मी तासभर प्लॉट आणि तेलं काढते, आणि रोज चिडते. लिस्टवर कोणालाही लिहिता येतं. माझ्याकडे त्यांच्याविषयीची अकरा पत्रं आहेत.