आईची आकाशी फियाट

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज राग आवरत नाही म्हणून लिहितेय.

आई जाऊन दीड महिना झाला. तिची चौऱ्याहत्तरची फियाट आज सकाळी वर्ध्यात रंगवायला नेली. पेंटरने दाराचं रबर काढलं. "ताई, पाहा, ओरिजनल कलर हा हाय." दोन बोटं रुंद आकाशी पट्टी होती. तो रंग आईने निवडला होता.

एक्याऐंशी साली बाबा गेले. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, गाडी नेली आणि पांढरी करून आणली. विधवेच्या दारात असा रंग शोभत नाही म्हणे. आई त्या गाडीत पुन्हा कधी बसली नाही.

दुपारी त्यांचाच फोन आला. "मायचं वर्ष झालं नाई, अन् तू गाडी काऊन रंगवून राह्यली?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. "तुम्ही तं तेरवीच्या दुसऱ्या दिवशीच रंगवली होती, मोठेबाबा. मायले विचारलं होतं?"

त्यांनी फोन ठेवला.

पेंटरला त्या पट्टीवरूनच रंग जुळवायला सांगितलाय. पण सगळ्यात जास्त राग मला माझाच येतोय. इतकी वर्षं गाडी दारात होती आणि आईही होती. मग मी कोणाच्या परवानगीची वाट पाहत होते? तुम्ही पाहताय का कोणाची?