वाचणार कोण?

मोबाइलच्या टॉवरनं अपाय होतो का, असं कुणी विचारलं की सुनंदाताई गायकवाड सावकाश चष्मा पुसायच्या आणि उलट विचारायच्या, "वाचणार कोण?" बदलापुरात, मांजर्लीला, त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि चार-पाच मासिकांत विज्ञानावर लिहायच्या, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावानं. कोणत्या, ते सांगायच्या नाहीत. "माहिती तीच असते रे संजय. गृहिणीला काळजी वाढायची, धंदेवाल्याला दिलासा. कणीक एकच, कुणाला पोळी, कुणाला पुरी."

आमच्या गच्चीवर टॉवर बसवायचं निघालं आणि घरातच दोन पक्ष झाले. आम्ही सगळ्यात वर राहायचो. छत गळायचं, आणि टॉवरवाले गच्ची दुरुस्त करून देणार होते, म्हणून मी टॉवरच्या बाजूचा. माझी बायको वैशाली गरोदर होती, ती ठाम विरोधात. सोसायटीच्या मीटिंगला मी उद्योगाच्या मासिकातला 'घाबरण्याचे कारण नाही' हा लेख फडकवला, तिनं महिलांच्या मासिकातला 'तुमचं बाळ सुरक्षित आहे का?'

आमची चांगलीच जुंपली, तेव्हा ताई उठल्या. "भांडू नका. दोन्ही मीच लिहिलेत, एकाच दुपारी."

"काय ताई!" सेक्रेटरी वैतागले. "मग खरं काय ते बोला ना, आपल्याला आज फायनल करायचंय."

सगळे 'वाचणार कोण'ची वाट बघत होतो. ताईंनी वैशालीकडे पाहिलं. चष्मा पुसलाच नाही.

"घाबरावं असं अजून काही सापडलेलं नाही, बाळा. पण शोधही संपलेला नाही. एवढंच लिहून पाठवलं तर लेख परत येतो गं."

"मी नसता पाठवला परत," वैशाली म्हणाली. ताई खाली मान घालून बसल्या. मला त्यांची फार माया आली.

टॉवर नामंजूर झाला. समोरच्या बिल्डिंगनं तो आनंदानं घेतला, अगदी आमच्या खिडकीसमोर. आमचं छत गळतच राहिलं. मुलगी झाली तेव्हा ताई बघायला आल्या. छताखालची बादली पाहिली, खिडकीतून टॉवर पाहिला आणि खो खो हसल्या. "माझे दोन्ही लेख तुमच्याच घरी मुक्कामाला आले की रे!"

ताई गेल्या, तेव्हा एका मासिकानं शेजारी म्हणून माझ्याकडे त्यांच्यावर मजकूर मागितला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचणार कोण?" संपादक गोंधळले. मला मात्र रडू फुटलं. ज्यांनी वाचायला हवं, त्या ताईच आता नाहीत. म्हणून जसं होतं तसंच लिहिलंय. परत आला तरी चालेल.