ताटलीतला बर्फ

पदार्थाच्या तीन अवस्थांचा धडा मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी त्या दिवशी सकाळपासूनच माझं डोकं फिरलेलं असतं. घरचे म्हणतात, बर्फ, पाणी आणि वाफ, लहान पोरांचा धडा, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? मी डबा भरते आणि निघते.

हे सुरू झालं तेव्हा मी नागपूरच्या टोकाला, उमरेड रोडवरच्या एका शाळेत तिसरीला शिकवत होते. उमरेडहून रोज सकाळी एसटीनं यायचे, बहुतेक वेळा उभ्यानंच. तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि अहवाल चांगला गेला तर कायम व्हायचं, अशी ती नोकरी. तिसरं वर्ष संपत आलं होतं. मी कायम होण्यावर घरात दोन लग्नं अडली होती, त्यातलं एक माझं. तो अहवाल एक अधिकारी माझा पाठ बघून लिहिणार होते, म्हणून तपासणीची तारीख आली तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

मुख्याध्यापिका बाईंचं आणि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. त्यांना वाटायचं मी आगाऊ, आणि मला वाटायचं त्यांनी शाळेचं भजनी मंडळ करून ठेवलंय. सगळं एका सुरात, सगळं पाठ. तपासणीसाठी त्यांचा एक जुना शिरस्ता होता. प्रश्न विचारला की वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. पाहुण्याला दिसतं, वर्ग काय हुशार आहे! शिक्षकानं मात्र उजव्या हातांतूनच एकाला उठवायचं. प्रश्नांचा क्रमही ठरलेला. माझ्या पाठासाठी त्यांनी तो स्वतः लिहून दिला. ताटलीत बर्फ, तो स्थायू. पेल्यात पाणी, ते द्रव. त्यांच्या चहाच्या विजेच्या किटलीत वाफ, ती वायू. आठवडाभर पोरं हेच घोकत होती.

मी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, "बर्फ पोरांच्या हातात देऊ या. वितळताना बघतील तर आपोआप कळेल."

"पोट्टे हात लावतील तं बरफ उरंल का?" त्या म्हणाल्या. "तू मले शहाणपणा नको शिकवू. लिहून देल्लं तेवढं कर."

बर्फ आणायचं काम वर्गातल्या एका मुलीनं घेतलं. तिच्या वडिलांची फाट्यावर रसवंती होती. बर्फाची लादी पोत्यात कशी गुंडाळायची, वरून भुसा किती टाकायचा, टोच्यानं कुठं मारलं की सरळ तुकडा निघतो, हे सगळं त्या आठ वर्षांच्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वर्गात सगळ्यात हुशार तीच. तिचा हात कधी डावा झाला नाही.

एप्रिलचे दिवस, सकाळची शाळा. अधिकारी आठला येणार होते. मी म्हटलं, त्यांची गाडी दिसली की बर्फ आणू. बाईंना पटलं नाही. "साहेब आल्यावर बरफ शोधत बसशील काय?" म्हणून सातलाच बर्फ आला. पोरगी दोन्ही हातांनी पोतं छातीशी धरून आली होती, तिचा फ्रॉक पोटावर ओला झाला होता. मी तुकडा ताटलीत ठेवला. पोरं टाचा उंचावून बघत होती.

आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला लाइन गेली. पंखा थांबला, किटली गार पडली. वर टिनाचं छप्पर. ताटलीतला तुकडा आधी लिंबाएवढा झाला, मग बोराएवढा, मग ताटलीत नुसतं पाणी उरलं. दहाला बाई धावत आल्या. साहेब फाट्यावर पोचले होते.

"बर्फ गेला," मी म्हणाले. "शिपाईकाकांना रसवंतीवर पाठवते. नाहीतर आहे त्यावरच पाठ घेते, बर्फाचं पाणी कसं झालं ते पोरंच सांगतील."

"शिपाई गेटवर हार घेऊन उभा हाय. आन् पोट्टे पाठ करून बसले हायेत, आता काही बदलवू नको," बाई म्हणाल्या. "तुले कायम व्हायचं हाय का नाही?"

तिथंच मला नाही म्हणता आलं असतं. मी पदर खोचला आणि टेबलामागे जाऊन उभी राहिले. टेबलावर ताटलीत पाणी, पेल्यात पाणी आणि किटलीतही पाणी.

साहेब आले ते घामानं निथळत. मागच्या खुर्चीत बसून अहवालाच्या फॉर्मनं वारा घेऊ लागले. मी ताटलीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" चाळीस हात वर गेले. मला भरवशाचा हात हवा होता. बर्फ जिनं आणला तिच्यापेक्षा भरवशाचं कोण असणार? मी तिलाच उठवलं.

तिनं ताटलीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "पाणी."

साहेबांचा फॉर्म हलायचा थांबला. दारात उभ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझं अडलेलं लग्न दिसलं.

"नीट बघ," मी म्हणाले.

"पाणीच हाय मॅडम. बरफ तं पिघळला."

मला तिचा राग आला. बाईंचा नाही, उशिरा आलेल्या साहेबांचा नाही, माझा स्वतःचाही नाही. त्या पोरीचा आला. गेलेली लाइन, आठवडाभराची उडालेली झोप, तीन वर्षांच्या एसट्या, सगळं मी तिच्या एकटीच्या डोक्यावर ओतलं. फक्त आवाज चढू दिला नाही.

"सकाळी आपण ताटलीत काय ठेवलं होतं?"

"बरफ."

"मग हे काय आहे?"

ती एकदा ताटलीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे वटारले.

"बरफ," ती म्हणाली.

"कोणती अवस्था?"

"स्थायू."

"शाब्बास. टाळ्या वाजवा."

पोरांनी ठरल्याप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या. मग पेला द्रव झाला आणि गार किटली वायू झाली. साहेब पुढे आले, पेल्यातला द्रव घटाघटा प्यायले आणि फॉर्मवर "उत्तम" लिहून सही करून निघून गेले. त्यांनी ताटलीत डोकावलंही नाही. सगळ्यात जास्त चीड मला त्याची आली. कुणी बघणारच नव्हतं, तर मी ते कुणासाठी केलं?

पण त्या चिडीचंही मी काय केलं? सुटी झाल्यावर व्हरांड्यात त्या पोरीला गाठलं. "तुले काहून तोंड चालवायचं होतं? घोकलेलं बोलता येत नाही?" तिनं ओलं पोतं नीट घडी करून बगलेत धरलं आणि गेली. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता तर्री-पोहे खाऊ घाल वं."

मी कायम झाले. त्याच सुटीत लग्न झालं. दिवाळीनंतर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, तेही पाठ करून. माझ्यात आणि त्यांच्यात तोवर फारसा फरक उरला नव्हता, आणि हे कळत असल्यामुळे मी त्यांचा आणखीच द्वेष करायची.

तीच पोरं चौथीत गेली, तो वर्गही माझ्याकडेच आला होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी ठरवलं, धडा पुन्हा घ्यायचा, धड घ्यायचा. तपासणी नाही, साहेब नाही. बर्फ मी स्वतः तिच्या वडिलांकडून आणला. ताटली बाकाबाकांवरून फिरवली, पोरांनी बर्फ गालाला लावला, एकानं चाटला, मी ओरडले नाही. तुकडा चांगला मुठीएवढा, टणक होता. ताटली तिच्या बाकावर आली तेव्हा मी विचारलं, "सांग बरं, ताटलीत काय आहे?"

बर्फ तिच्या नाकासमोर होता. ती उभी राहिली. ताटलीकडे तिनं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हणू, मॅडम?" तिनं विचारलं.