मला न दाखवलेलं बाळ

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला आनंद होण्याआधी दमायला झालं. आधीची दोन्ही पोटं तिसरा महिना लागायच्या आतच गेली होती. दोन्ही वेळा बातमी सगळ्यांना सांगून झाली होती, आणि नंतर ती प्रत्येकाकडे जाऊन परत घ्यावी लागली होती. या वेळी कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं. पण रोह्यासारख्या गावात बाई सकाळी शाळेच्या नळावर दोनदा ओकली की सांगायचं काही उरत नाही.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. मी रोह्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची. घर वरसे गावात, दोन खोल्यांचं, पुढे पडवी. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत, कधी पहिली शिफ्ट, कधी तिसरी. तो घरात झोपलेला असला की आम्ही भांडीसुद्धा हळू ठेवायचो. सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. माझं माहेर पेणला.

शेजारच्या घरात एक यहुदी म्हातारी एकटीच राहायची. आमच्याकडे त्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आमच्या आळीत पूर्वी त्यांची बरीच घरं होती. आता कुलपं होती. तिचे दोन्ही मुलगे इस्रायलला गेले होते आणि तिचेही कागद व्हायचे होते. नऊवारी नेसायची, कपाळ मोकळं, बोलणं अगदी आमच्यासारखं. मी तिला मावशी म्हणायची.

या वेळी तिसरा महिना पार पडला. मग चौथा. मग घरातल्या सगळ्यांनी माझं पोट आपापसांत वाटून घेतलं. सासूबाईंनी नारळ उचलायला बंदी केली, पपई बंद केली, संध्याकाळी पिंपळाखालून जायचं नाही असं बजावलं. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढतोय म्हणून मीठ कमी करायला सांगितलं आणि गोळ्या दिल्या. माझ्या आईने पेणहून मेथीचे लाडू पाठवले. मी सगळ्यांना हो म्हणायची. दिवसभर उभं राहून शिकवून आल्यावर वाद घालायचं त्राण नसायचं.

तपासणीला पेणला गेले की रात्री माहेरी राहायची. आमच्या घरामागे गणपतीचा कारखाना होता. तिथल्या भिजवलेल्या शाडूचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा मी गुपचूप एक खडा आणून खाल्ला. आईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात रक्त कमी आहे, म्हणून माती खावीशी वाटते." सासूबाईंना कळलं तेव्हा त्या मात्र खूश झाल्या. "मातीचे डोहाळे म्हणजे मुलगा. जमीनजुमला करील." मी लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि मुलगा की मुलगी याचा विचार केला नाही. हलतंय ना, एवढंच मी बघायची. बसमध्ये, वर्गात, ओट्याशी, जिथे असेन तिथे हात पोटावर जायचा.

त्या दिवसांत सासूबाई मला देवळात कीर्तनाला घेऊन गेल्या. गर्भावर संस्कार होतात म्हणून. बुवांनी पोटातल्या मुलाची ती जुनी कथा लावली होती. बाप गरोदर बायकोला शत्रूच्या व्यूहात कसं शिरायचं ते सांगतो, मूल आतून हुंकार देतं, आणि बाहेर कसं पडायचं ते सांगायच्या आत आईला झोप लागते. पुढे ते पोर तिथेच मारलं जातं. बुवा गळा काढून सांगत होते आणि बायका डोळे पुसत होत्या. मी शाळेतही ही कथा सांगितली होती. पण त्या दिवशी पाठ भरून आलेली, पाय सुजलेले, मांडी घालता येत नव्हती, आणि मला सारखं त्या बाईचंच वाटत राहिलं. ती दमली असेल. सातवा-आठवा महिना असेल. नवरा लढाईचं बोलत बसलाय आणि हिच्या पापण्या मिटतायत. त्या झोपेबद्दल तिला कुणी माफ केलेलं मी तरी ऐकलं नाही.

दिवाळीच्या सुमारास ग्रहण आलं. सासूबाईंनी खिडक्यांना चादरी लावल्या, विळी, सुई, कात्री सगळं माळ्यावर टाकलं आणि मला भिंतीला टेकवून बसवलं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, झोपायचं नाही. मावशी दारात डोकावली.

"आमच्यात असलं काय पाळत नाय," ती हळूच म्हणाली. "पण तू बस गो. सासूचं मन राखलं की तुलाच बरं."

मी बसले. बाहेर पाखरं एकदम गप्प झाली ते ऐकलं. मग अंधारलेल्या खोलीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. फार नाही, थोडाच. सासूबाईंनी खांदा हलवून उठवलं.

सातवा महिना सरत आला होता. थंडी पडली होती. मी रजा घेतली होती. सासूबाई दोन दिवसांसाठी लेकीकडे माणगावला गेल्या होत्या, नवरा पहिल्या शिफ्टला. दुपारी मी वाल सोलत पडवीत बसले होते. कमरेतून कळ आली आणि पोट दगडासारखं कडक झालं. उठायला गेले तर साडी ओली. पाहिलं तर रक्त.

मी मावशीला हाक मारली. ती चुलीवरचं तसंच टाकून आली. मला बघितलं, रस्त्यावर जाऊन रिक्षाला आडवी उभी राहिली. रोह्यातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, इथे जमणार नाही, पेणला न्या. कुणीतरी जीप आणली. कुणीतरी कंपनीत निरोप द्यायला गेलं. मावशी माझ्याबरोबर मागे चढली, माझं डोकं मांडीवर घेतलं.

नागोठणे गेलं. रस्ता संपता संपेना. खड्डा आला की मावशी माझ्या पोटावर हात धरायची. तिच्या प्रार्थनेच्या भाषेत ती काहीतरी पुटपुटत होती, मधेच मराठीत म्हणायची, "आलं गो, आलं पेण." मी वाट बघत होते की आतून एकदा लाथ बसेल. वडखळच्या नाक्यावर गाडी अडली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, हलत नाहीये."

ती म्हणाली, "व्हय." आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. खोटं काही बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावलं. बराच वेळ लावलं. मग माझ्याकडे न बघता नर्सला म्हणाल्या, "तयारी करा." आणि मला म्हणाल्या, "आता तुला वाचवायचंय." पुढचं मला आठवत नाही. भूल दिली होती.

जाग आली तेव्हा आई शेजारी होती. तोंड कोरडं पडलं होतं. मी विचारलं, "बाळ?"

"झोप तू."

"कुठे आहे?"

"जावईबापू घेऊन गेले. झालं सगळं. झोप."

"काय होतं?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. सासूबाई आल्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "झालंच नाही असं समज. नाव नाही, पाचवी नाही, त्याचं काय धरून बसायचं?" नर्सला विचारलं, तिने सलाइन नीट केली आणि घरच्यांना विचारा म्हणाली. नवरा पायाशी बसून राहिला. त्याच्या चपलांना चिखल होता. त्याला विचारायचं मला धाडस झालं नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "मूल बाहेर यायच्या आधीच वार सुटली. रक्तदाबामुळे होतं कधी कधी. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही, हे लक्षात ठेव." मी मान हलवली. ते शब्द मी बरोबर घेऊन आले, पण घरात त्यांना ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी दूध आलं होतं. आईने छातीला घट्ट फडकं बांधून दिलं. रात्री कुठेतरी लांब एखादं मूल रडलं की फडकं भिजायचं. अंगाला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

एकदा भाकऱ्या भाजता भाजता सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात तुझा डोळा लागला होता ना?" रागाने नाही. मनाशी काहीतरी जुळवत असल्यासारख्या. मी हो म्हटलं. त्यांनी भाकरी उलटली.

सुतक कुणी धरलं नाही. कुणी भेटायला आलं नाही, कारण कुणी गेलंच नव्हतं. रजा संपली, मी शाळेत जाऊ लागले. फळ्यावर लिहायची, वह्या तपासायची, घरी येऊन पडायची. इतकी झोप मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि झोपून उठल्यावर आणखी थकल्यासारखं व्हायचं. रस्त्यात बाळ दिसलं की मी त्याच्याकडे बघायची आणि माझ्या डोक्यात काहीच उमटायचं नाही. काय होतं, कसं होतं, हेच माहीत नसलं तर आठवायचं तरी काय?

उन्हाळ्यात मावशीचे कागद आले. तिने घरातलं सामान वाटायला काढलं. एका दुपारी मी तिला भांडी बांधायला मदत करायला गेले. जुन्या लुगड्यात पितळेचे डबे गुंडाळता गुंडाळता मी एकदम म्हटलं, "मावशी, तुम्ही पाहिलंत का ते?"

ती खाली बसली. "इतके दिवस वाट बघत होते, तू इचारशील म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या सासूला शब्द दिला होता, आपणहून सांगणार नाय. पण तू इचारलंस तर खोटं बोलणार नाय, हेपण तिला तेव्हाच सांगितलं होतं."

हातातला डबा मी खाली ठेवला.

"मुलगी होती. केस काळेभोर, ओले. नाक तुझ्या आईचं. नखं आली होती गो, एवढुशी. नर्स तिला ट्रेमध्ये घालून बाजूला ठेवणार होती. मी म्हटलं, आण इकडे. पुसली, माझ्या पदरात घेतली. तुझा नवरा येईपर्यंत माझ्या मांडीवर होती. एकटी नव्हती ती."

"रडली नाही ना?"

"नाय गो. आधीच गेली होती. चेहरा शांत होता, त्रासल्यासारखा नव्हता."

मग मी रडले. हॉस्पिटलात रडले नव्हते, घरी रडले नव्हते. मावशीने मला थोपटलं नाही, नुसती जवळ बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्यातपण इतक्या लहानग्याचं सुतक धरत नायत. कुणी ठरवलं काय माहीत. कुणी बाप्याने ठरवलं असेल." मग आम्ही उरलेले डबे बांधले.

संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला. बूट काढत होता. मी म्हटलं, "मुलगी होती ना?"

त्याचा हात नाडीवरच थांबला. "कुणी सांगितलं?"

"मावशींनी. मी विचारलं म्हणून."

त्याने बूट काढून बाजूला ठेवले. "मला वाटलं, माहीत नसलं तर लवकर विसरशील."

"तुम्ही विसरलात?"

"नाही."

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मावशीला बोल लावतील. त्या म्हणाल्या, "याच्या आधी माझं एक गेलं होतं. पुऱ्या दिवसांचं. मला अजून माहीत नाही, मुलगा होता का मुलगी. सासूने सांगितलं, विचारायचं नसतं. मी नाही विचारलं." एवढं बोलून त्या परत आत गेल्या. नवऱ्याने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो उठून त्यांच्यामागे गेला. मी पडवीतच बसून राहिले. त्यांचा राग धरायचा तर आता तोही धरता येईना.

मावशी गेली. मुंबईला सोडायला तिचा पुतण्या आला होता. जाताना तिने दाराच्या चौकटीवर ठोकलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली तिच्या देवाची डबी काढून घेतली आणि तिथे फिकट चौकोन उरला. पुढे तिची दोन-तीन पत्रं आली, मग नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वर्षभराने पुन्हा बघू. वर्ष झालं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "मला आता नको. माझ्यात उरलं नाही." त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. "बरं," म्हणाला. सासूबाईंनी कुठला नवस सुचवला नाही. त्यामुळे मला मोकळं वाटलं असं म्हणणार नाही. थोडं टेकता आलं, इतकंच.

त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघं पेणला गेलो, आणि मी म्हटल्यावर त्याने मला ती जागा दाखवली. गावाबाहेर, खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर, बांधाच्या अलीकडे. त्याने तिला स्वतःच्या शर्टात गुंडाळलं होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं. तिथे आता करंजाची झुडपं वाढली होती आणि नक्की कुठे ते त्यालाही सांगता येईना. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. ऊन फार होतं.

परतताना पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत बसलो. बाकावर एक अनोळखी बाई होती, गप्पिष्ट. कुठल्या, काय करता, असं विचारत विचारत तिने विचारलं, "मुलंबाळं?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "एक मुलगी होती."

"असं होय," बाई म्हणाली आणि पिशवी उचलून माझ्यासाठी आणखी जागा केली. मग गाडी लागली. गर्दी होती. नागोठण्यापर्यंत आम्ही उभेच होतो.