उपड्या परातीचा उजेड

संपतराव गेल्याचं मला तासगावच्या स्टँडवर कळलं. त्यांचा भाचा समोरच्या एसटीतून उतरला आणि "ताई, मामा गेले" एवढंच म्हणाला. त्याला आता दीड महिना होईल. इतका हट्टी माणूस असा न भांडता कसा गेला, हेच मला अजून पटत नाही...

सांगलीच्या एका वास्तुविशारदाच्या कचेरीत मी नकाशे काढते. विजेचं सगळं काम संपतराव बघायचे. तीन-चार वर्षांपूर्वी उंब्रजजवळ हायवेलगत एका संस्थेचं सभागृह उभं राहत होतं. आत खांब नाही, बाहेर कोपरा नाही, नुसता काँक्रीटचा भलामोठा पांढरा घुमट. आम्ही त्याला पुढच्या शतकातली इमारत म्हणायचो. गावानं बघताक्षणी तिचं नाव 'उपडी परात' ठेवलं. संस्थेचे अध्यक्ष अण्णा हौशी. "पुण्याला जाणाऱ्या गाडीतल्या माणसानं मान वळवून बघितलं पायजे. चारी बाजूंनी फ्लडलाईट मारा," म्हणाले. संपतराव त्याच भागातले. ते म्हणाले, "आण्णा, तुमची परात आन् मागच्या शिवारातल्या विहिरींच्या मोटारी एकाच डीपीवर हायेत. येवढं दिवं लावलं तर मोटारी उचलायच्या न्हाईत. ऊस वाळंल." विजेची कपात चालू होती आणि शिवाराला पाणी मिळायचं ते संध्याकाळनंतरच. वेगळा डीपी, म्हणजे स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, कधी मिळेल, कुणी सांगू शकत नव्हतं. बरीच घासाघीस होऊन अखेर ठरलं, की संपतरावांच्या दिव्यांत इमारत उठून दिसली तर ठीक, नाहीतर उद्घाटनाला फ्लडलाईट.

त्यांनी माझ्या घरची पितळी परात कचेरीत मागवली, तिला चुना फासला, पांढऱ्या कागदावर उपडी घातली आणि खिडक्या लावून कागदावर बॅटरी मारली. उजेड कागदावरून उलटून परातीवर चढला. बस्स, तीच त्यांची योजना. घुमटावर एकही दिवा टाकायचा नाही. भोवतीच्या उतरत्या जोत्याला चुना द्यायचा आणि कठड्याआड मोजके दिवे लपवून त्या जोत्यावरच सोडायचे. माझी परात मात्र कणकेच्या कामातून कायमची गेली.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो तर सगळं जोतं तांबडंलाल! नव्या जोत्याला काव लावायची रीत, म्हणून गावातल्या बायांनी आपणहून, प्रेमानं ते रंगवून काढलं होतं. दिवे लावले. काव सगळा उजेड गिळून बसली आणि घुमट अंधारातच राहिला. अण्णा म्हणाले, "माणूस धाडतो फ्लडलाईट आणाया." संपतराव बायांच्या म्होरक्या मावशींकडे वळले. "मावशी, लय झ्याक काम झालंय. आता त्यावर चुना द्यायचा."

"आवं, मग काव कशापायी लावली आमी?"

"ऱ्हाऊ द्या की खाली."

एवढं बोलून त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः कुंचा घेतला. मग मावशी हसल्या, बाया आल्या, मीही पदर खोचला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चुन्याचे हात चालले. तरी खालची काव थोडी डोकावतच होती...

संध्याकाळी दिवे लागले आणि अख्खा घुमट फिकट गुलाबी उजळला, उन्हं कलताना पांढरी भिंत दिसते तसा. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "मान वळती म्हणायची," म्हणाले. फ्लडलाईट आल्या पावली परत गेले. मी आनंदानं संपतरावांना शोधू लागले, तर ते इमारतीकडे पाठ करून शिवाराच्या बाजूला उभे.

"संपतराव, इकडं बघा की!"

"थांबा ताई, ऐकतोय."

परवा साताऱ्याहून येताना मी मुद्दाम उंब्रजला उतरले. दिवेलागण झाली, परात उजळली, रस्त्यावरचे लोक बघू लागले. मी तिच्याकडे पाठ केली आणि शिवाराकडे तोंड करून उभी राहिले. उसापलीकडे मोटारी चालू होत्या. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.