दोराला लागलेला सोमवार

सोमवारचा उपास मी कडक धरते. आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. मी, त्यामुळे हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, हा माझा बाणा. साबुदाणा नाही, चहा नाही, संध्याकाळी देवाकडे दिवा लागेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. देव थोडा जवळ यावा, एवढीच इच्छा. पण खरं सांगायचं तर जवळ यायची ती भूकच. जपाला डोळे मिटले की महादेवाच्या जागी आईच्या हातचे घावणे दिसायचे. इतके सोमवार गेले तरी आत काही हलत नव्हतं. देव ऐकत नाही की मलाच हाक मारता येत नाही, तेच कळेना.

त्यात आमचं घर रापणीचं. तारकर्लीच्या अलीकडे आमच्या किनाऱ्यावर बाबा आणि भावकीतली घरं मिळून रापण लावतात, म्हणजे होडीतून लांबवर जाळं सोडून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढतात. सोमवारी आमच्याकडे मासे कुणीच खात नाही, पण जाळं थांबत नाही. मी त्याहून पुढे गेले होते. त्या दिवशी माशाला नुसता हात लागला तरी उपास मोडला, असा नियम मीच स्वतःला घालून घेतला होता. काकी हसायची. "गो बाय, म्हादेवाक इचारलंस तरी काय, तेका ह्या चलता काय ता?"

त्या सोमवारी मी सुरूच्या झाडाखाली माळ घेऊन बसले होते. समोर रापणीत बांगडा भरपूर गावलेला, पण ओढायला माणसं थोडी. निम्मे पुरुष लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेले. पाण्याला ओढ लागली आणि जाळं खडकांकडे सरकू लागलं. ते तिथे फाटलं असतं तर सगळ्या घरांचा हंगाम बुडाला असता. एवढ्यात बाबा ओरडले, "गो, येतंस मगे? जाळा खडपार जाता!"

सोमवारी बाबा मला कधी हाक मारत नसत. मी माळ ओढणीत बांधली आणि धावले.

ओला दोर हातातून निसटत होता. घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी, पाय वाळूत घसरत पाण्याकडे चाललेले. आता सुटतो, असं वाटलं आणि रस्त्यावर एक स्कूटर थांबली. मागे पावाची टोपली, गळ्यात क्रूस, माणूस कधी न पाहिलेला. मदतीला माणसं थांबावीत म्हणून त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मागच्या दोन गाड्यांतले पर्यटक खाली उतरले, तेव्हा त्यांना घेऊनच तो दोराला लागला. मी "शंभो, शंभो" पुटपुटत होते, ती त्याला पाहून लाजून गप्प झाले. तसा तो ओरडला, "थांबतंस कित्याक गो? तू तुझ्या देवाक हाक मार, मी माझ्या सायबाक मारतंय. पण दोर सोडू नको!"

मला हसू फुटलं. हसत, शंभोला हाका मारत मी ओढत राहिले. भूक कुठे गेली, नियम कुठे गेला, कळलंच नाही. मीसुद्धा कुठे उरले होते? जाळं वाळूवर आलं, पायांवर बांगडे उडत होते, केसांत खवले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, हा रापणीचा रिवाज. पाववाल्याने आपला वाटा पिशवीत घेतला आणि म्हणाला, "गिऱ्हायका आज माका शिव्या घालतली!" बाबांनी माझाही वाटा वेगळा काढला. आयुष्यातला पहिला.

"बाबानू, माझो उपास आसा."

"मगे? आज नाय तर फाल्या खा."

संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडले, तर सोललेले तळवे झोंबले. मन मात्र इतकं निवांत कधीच नव्हतं. ते कसं झालं, हे सिद्ध करायला मी बसत नाही. उपास आजही आवडीने धरते. फक्त देवाने मला कुठे आणि कसं भेटावं, हे त्याला सांगणं सोडून दिलंय. त्या पाववाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याची भट्टी रोज पहाटे पेटती राहो, एवढंच त्या संध्याकाळी देवाकडे मागितलं.